दोन करडांची नोंद

४ ऑगस्ट

आज बागेत रुजू झालो. पद: प्रभारी, पशुविभाग. लोक याला शिक्षेची बदली म्हणतात. लोकांचं काय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर अकरा वर्षं काढली आणि त्यात एका जिवंत माणसाची मृत्यूची नोंद झाली. चूक अर्धी माझी. उरलेली अर्धी त्याची, तो दिसायलाच तसा होता. तरीही मला नवीन जबाबदारी मिळाली. म्हणजे वरच्यांच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे.

विभाग म्हणजे कारंज्याच्या मागे जाळीचं कुंपण, पत्र्याच्या तीन शेड आणि एक टेबल. जनावरं: मेंढ्या दोन, गाढव एक, बदकं सात, शेळी एक, बोकड एक. शहरातल्या मुलांना गोठा म्हणजे काय ते कळावं म्हणून ठेवली आहेत. मुलं फक्त गाढवाला हसतात. कामाला एक बाई आहेत, त्यांना सगळे मावशी म्हणतात. बावीस वर्षं इथेच. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मावशींची पिशवी होती. पिशवी खाली ठेवली.

संकल्प: रोज डायरी लिहिणे. आठच्या आत हजर. जनावरांशी स्वतः नातं जोडणे. मला जनावरांची उपजत समज आहे. लहानपणी आमच्याकडे मांजर होतं. म्हणजे शेजाऱ्यांकडे.

५ ऑगस्ट

साडेदहाला पोचलो. डायरी लिहिण्यात झोपायला उशीर झाला, त्याला इलाज नाही.

शेळीचं नाव ढवळी. तिची माझी नजरानजर झाली आणि काहीतरी जुळलं. मग तिने माझ्या शर्टाची बाही चघळली. मावशी म्हणाल्या, तिला मिठाची चटक आहे, घामाचा वास आला की चाटते. मावशींना यातलं मानसशास्त्र कळणार नाही.

११ ऑगस्ट

महत्त्वाची घटना. शेडचं दार उघडं राहिलं. (मीच उघडलं होतं, व्हेंटिलेशनसाठी.) बोकड ढवळीच्या शेडमध्ये शिरला. मावशी बदकांची टाकी घासत होत्या. पुढे जे झालं ते मी स्वतः पाहिलं. तपशील लिहीत नाही. तारीख आणि वेळ मात्र टिपून ठेवली: सकाळी ११.२०. नोंद करणं माझ्या रक्तात आहे.

नेटवर पाहिलं. शेळी दीडशे दिवसांनी विते. बोटांवर मोजलं, मग कॅल्क्युलेटरवर. ८ जानेवारी.

बोकडाला मावशी 'जावई' म्हणतात. का, तर खातो, बसतो आणि घराला उपयोग शून्य. आज त्याने उत्तर दिलं.

२ सप्टेंबर

मोठ्या साहेबांनी, म्हणजे उद्यान अधीक्षकांनी मीटिंग घेतली. बागेबाहेर गाड्या लावायला जागा नाही, म्हणून पशुविभागाच्या जागी पार्किंग करायचा प्रस्ताव आहे. मार्चपर्यंत विभागाने लोकांचा प्रतिसाद दाखवावा, नाहीतर बंद. जनावरांचं काय, असं मावशींनी विचारलं. लिलाव, असं साहेब म्हणाले. गाढव, मेंढ्या कोणीतरी नेईल. शेळीला लिलावातून कोण नेतं हे सांगायची गरज कोणालाच वाटली नाही. 

मी उठून म्हणालो, साहेब, जानेवारीत तुम्हाला गोड बातमी देतो. साहेबांनी माझं अभिनंदन केलं आणि मॅडमना आता जड उचलू देऊ नका असं बजावलं. खुलासा करेपर्यंत मीटिंग संपली होती.

२० ऑक्टोबर

ढवळीचं पोट दिसायला लागलं. दोन्ही बाजूंनी. माझ्या मते जुळं आहे. गेटवर फलक लावला: 'लवकरच येत आहेत! उरले फक्त ८० दिवस.' आकडा रोज खडूने बदलायचा. सकाळी आठला स्वतः येऊन बदलणार.

२१ ऑक्टोबर

फलक मावशींनी बदलला. मी अकराला आलो.

मावशी म्हणाल्या, पोट आहे पण पिल्लू नाही, आत पाणी धरलंय. तीन वर्षांपूर्वी ढवळीला असंच झालं होतं. आणि साहेब, जावई खच्ची केलेला आहे, फाईल बघा. मी शांतपणे ऐकून घेतलं. बावीस वर्षं एका जागी काढली की माणसाला नव्याचा हेवा वाटतो. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा म्हणाल्या, मशीन लावलं की दोन मिनिटांत कळतं. डॉक्टर आले की पेपरात फोटो डॉक्टरांचा येणार. मी इतका भोळा नाही.

तरी फाईल पाहिली. बोकडाच्या पानावर 'शस्त्रक्रिया यशस्वी' असा शेरा आहे. कसली शस्त्रक्रिया ते अक्षर लागत नाही. यशस्वी झाली म्हणजे बोकड ठणठणीत आहे. विषय संपला.

२६ ऑक्टोबर

बायकोला ढवळीचा फोटो दाखवला. ती प्रसूतिगृहात नर्स आहे, त्यामुळे तिला वाटतं बाळंतपण ही तिची जहागीर. कास उतरली का, असं विचारलं. मी म्हटलं, शेळी म्हणजे माणूस नव्हे. ती म्हणाली, दूध दोघींनाही लागतंच. मग म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. एकदा खाली उतरून पोटाला हात तरी लावून बघा."

संकल्प: उद्या हात लावणे.

२७ ऑक्टोबर

हात लावला. ढवळीने डोक्याने गुडघ्यावर मारलं. या दिवसांत चिडचिड होतेच. ती आपल्या माणसावरच निघते.

१५ नोव्हेंबर

गर्दी, गर्दी. रविवारी रांग कारंज्यापर्यंत गेली होती. 'नाव सुचवा' पेटी ठेवली, चारशे चिठ्ठ्या आल्या. एकीवर माझं नाव होतं. अक्षर ओळखीचं वाटलं, ते माझंच होतं, पण स्पर्धा सुरू करायला पहिली चिठ्ठी कोणीतरी टाकावीच लागते.

लोक ढवळीला बिस्किटं, पाव, वेफर टाकतात. मी परवानगी दिली आहे. प्रतिसाद म्हणजे आणखी काय असतं. मावशी मात्र काठी घेऊन जाळीपाशी उभ्या राहतात आणि लोकांना अडवतात. आज एका गृहस्थाने तक्रार केली. मी मेमो काढला. मावशींनी तो हातात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, चष्मा घरी राहिलाय, वाचून दाखवा. मी लोकांसमोरच वाचून दाखवला. जरा मोठ्याने. पारदर्शकता हवी. 'कामात हयगय' आणि 'उद्धट वर्तन' हे शब्द दोनदा आले होते, ते दोन्ही वेळा वाचले. काही मुलं हसली.

मावशींनी मेमोची घडी करून कमरेला खोचली आणि ढवळीच्या तोंडासमोरचे बिस्किटांचे कागद गोळा करायला बसल्या.

१६ डिसेंबर

ढवळीला बसलं की उठवत नाही. उठली की धापा टाकते. मावशी डबा तिच्याशेजारी बसून खातात आणि तिची पाठ चोळतात. आज पुन्हा तेच. डॉक्टरला बोलवा, एक इंजेक्शन दिलं की पाणी निघून जाईल, जीव मोकळा होईल, पुढे चांगला बोकड दाखवला तर खरीच गाभण राहील. खरी पिल्लं झाली तर तुमचंच नाव होईल साहेब, असंही म्हणाल्या.

मी म्हटलं, इंजेक्शन दिलं तर फलकाचं काय?

बोलून झाल्यावर वाटलं की यातून मी पाणी मान्य केलं असा अर्थ निघतो. तसं मुळीच नाही. मी फक्त फलकाबद्दल विचारलं होतं.

७ जानेवारी

सगळी तयारी झाली. मांडव, माईक, लाल रिबन, पेपरवाला. मोठे साहेब अकराला येणार. उद्या दीडशे दिवस भरतात. मावशी म्हणाल्या, जनावर काही घड्याळ लावून मोकळं होत नाही. निसर्ग काही किरकोळ रजा टाकत नाही, असं मी त्यांना सुनावलं.

गर्दीच्या दिवसासाठी माझी खिडकीवरची पद्धत होती: फॉर्म आदल्या दिवशीच भरून ठेवायचे. नाव, आई, बाप, तारीख. दुसऱ्या दिवशी फक्त शिक्का. किती वेळ वाचायचा. (त्या जिवंत माणसाचंही तसंच झालं होतं. तो दवाखान्यात होता आणि घरचे फक्त चौकशीला आले होते.) आज पशुधन रजिस्टर तसंच भरलं. 'दि. ८ जानेवारी. जन्म: करडं दोन. नर एक, मादी एक. प्रकृती उत्तम.' वेळेची जागा मोकळी सोडली. उद्या साहेब घाईत असतील म्हणून त्यांची सही आजच घेतली. त्यांनी फोनवर बोलता बोलता केली. एक प्रत मुख्य कार्यालयात पाठवून दिली. उद्या सकाळी त्यांच्या टेबलावर असेल. याला म्हणतात कार्यक्षमता.

८ जानेवारी, दुपारी २

घरी आहे. डोकं दुखतंय.

सहाशे लोक तरी होते. ११.४० ला ढवळी उभी राहिली. मी माईकवरून सांगितलं. सगळे पुढे सरकले. मग पाणी आलं. बादलीभर नव्हे, दोन-तीन बादल्या. पहिल्या रांगेतल्या मुलांच्या बुटांपर्यंत. साहेबांच्या बुटांपर्यंत.

मग काहीच नाही.

ढवळीने अंग झाडलं आणि रिबन खायला सुरुवात केली. पोट आत गेलं होतं. एका लहान मुलीने मला विचारलं, बाळ कुठे आहे? माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. मावशी पोतं घेऊन आल्या, ढवळीला पुसलं, खाली कोरडं गवत पसरलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निदान एकदा तरी म्हणायचं, मी सांगितलं होतं. तेही नाही.

९ जानेवारी

पेपरात फोटो आला. साहेबांच्या बुटांचा. खाली 'शेळीने केली निराशा' असं छापलंय. बायको म्हणाली, "शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड."

मुख्य कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र आलं. दोन करडांसाठी वाढीव चारा मंजूर.

साहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. त्यांची सही. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. करडं मेली म्हणावं तर शवविच्छेदन करावं लागतं आणि त्याला शव लागतं. साहेब म्हणाले, "रजिस्टरमध्ये दोन आहेत आणि शेडमध्ये एकही नाही. मधलं काय ते तुम्ही बघा."

बघतो म्हणालो.

१० जानेवारी

शांतपणे विचार केला. लोक साडेबाराला गेले. मीही गेलो. मावशी सहापर्यंत एकटीच होती. त्या वेळात काय झालं हे कोणी पाहिलंय? पाण्यानंतर करडू येतं, हे माझ्या बायकोलाही मान्य करावं लागेल. म्हणजे दुपारी ढवळी व्याली असणार. पोट रिकामं झालं हाच पुरावा. जे पोटात नाही ते कुठेतरी गेलं असणार. जितका विचार करतो तितकं लख्ख दिसतं. आपल्या नजरेतून हे कसं सुटलं याचंच आश्चर्य वाटतं.

वेळेच्या मोकळ्या जागेत 'दुपारी ३.१०' लिहिलं. मग अहवाल लिहायला बसलो. 'सदर महिला ही घटनास्थळी एकटी उपस्थित असून तिने नवजात करडं परस्पर लंपास केली असावीत. विभागाचं कुंपण असुरक्षित असून कोणतंही जनावर कधीही चोरीला जाऊ शकतं.' चार पानं झाली. भाषा चांगली उतरली आहे.

बायकोने अहवाल वाचला. तुम्हाला हे खरंच वाटतं का, असं विचारलं. मी म्हटलं, रजिस्टरमध्ये आहे. ती ताट उचलून आतल्या खोलीत जेवायला गेली.

२२ जानेवारी

चौकशी समिती. तीन अधिकारी, चार कप चहा. डॉक्टरांनी लेखी दिलं की गर्भ कधी नव्हताच आणि दोन महिन्यांपूर्वी बोलावलं असतं तर एका इंजेक्शनचं काम होतं. अध्यक्षांनी विचारलं, आठ तारखेला तुम्ही हजर होतात का? नव्हते. मग त्यांचं मत ऐकीव ठरलं.

सदर महिला उभीच होती. तिला बाजू मांडायला सांगितलं. ती म्हणाली, "जे जन्मलंच नाही, ते मी पळवलं कुठे?"

अध्यक्षांनी समजावलं की प्रश्न विचारायचा अधिकार समितीला आहे. लिहून घेतलं: 'आरोप स्पष्ट शब्दांत नाकारला नाही.' निलंबन. निकाल लागेपर्यंत पेन्शनचे कागद थांबवले.

जाताना नियमाप्रमाणे तिची पिशवी तपासली. डबा, चष्मा, फडक्यात बांधलेला मिठाचा खडा. मीठ ऑफिसचं आहे का, असं मी विचारलं. घरचं आहे म्हणाली आणि तो खडा ढवळीसमोर ठेवून निघाली. ढवळी जाळीपर्यंत तिच्यामागे गेली. मग दीड तास ओरडत होती. सवय मोडायला वेळ लागतो.

संकल्प: उद्यापासून ढवळीकडे मी स्वतः लक्ष देणार.

३ फेब्रुवारी

आदेश आला. 'चोरीची गंभीर घटना पाहता तसेच कुंपण असुरक्षित असून कोणतंही जनावर कधीही चोरीला जाऊ शकतं, हे लक्षात घेता पशुविभाग तातडीने बंद करण्यात येत आहे.' माझ्या अहवालातलं वाक्य शब्दशः घेतलंय. माझी भाषा वरपर्यंत पोचली.

मग आदेश पुन्हा वाचला.

मार्चपर्यंत मुदत होती. साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, पार्किंगला प्रभारी लागेल, तुमचं नाव सुचवलंय.

१२ फेब्रुवारी

गाढव वीटभट्टीवर गेलं. मेंढ्या एका माणसाने टेम्पोत घातल्या, कुठे नेल्या ते विचारलं नाही. बदकं तळ्यात सोडली, सकाळी सात, संध्याकाळी पाच. जावई खाटकाने नेला. ढवळी भाकड आहे, अंगावर मांस नाही, म्हणून तिला तो पुढच्या खेपेला नेणार.

घरी सांगितलं. ही आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, कर्मचाऱ्याने अर्ज दिला तर जनावर मिळतं, मी चौकशी केलीय. ढवळीला घ्या आणि मावशींकडे नेऊन सोडा. त्यांच्या घरामागे अंगण आहे. मी त्यांना भेटून आले.

मावशी काय म्हणाल्या, असं मी विचारलं. ही म्हणाली, त्यांनी एवढंच विचारलं की ती खाते का नीट.

संकल्प: अर्ज करणे. शेवटची तारीख १७.

१४ फेब्रुवारी

अर्ज भरून तयार. फक्त सही करायची आहे.

१७ फेब्रुवारी

अर्ज दिला नाही. नीट विचार केला तर पटेल. करडं चोरल्याच्या प्रकरणात जिला निलंबित केलं, तिच्याच दारात मी शेळी नेऊन बांधली, तर लोक काय म्हणतील? अहवालाला काय अर्थ उरेल? उद्या कोणी विचारलं की मग करडं कुठे आहेत, तर मी काय सांगू? भावनेच्या भरात निर्णय घेणाऱ्यातला मी नाही. ढवळीलाही हे समजेल. आमचं तसं नातं आहे.

बायकोला सांगितलं की अर्ज नामंजूर झाला.

१९ फेब्रुवारी

सकाळी दहाला खाटकाचा टेम्पो आला. ढवळी फळीवर चढेना. दोघांनी ओढलं, एकाने मागून ढकललं. खुरं रोवून उभी राहिली. मग त्यांच्यातला एक मला म्हणाला, साहेब, तुमची सवय असेल तर तुम्ही बोलवा.

कुंपणावरच्या वेलीचा हिरवा पाला तोडला, जुडी केली. तिच्यासमोर धरली आणि फळीवरून उलटा चालत वर गेलो. हाक मारली. दोरीसुद्धा धरावी लागली नाही. ढवळी सरळ माझ्यामागे आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हाकेला आली. मी त्या माणसाला म्हटलं, बघा, जनावराला माणूस कळतो.

तो तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत होता. म्हणाला, "किती दिवसांची उपाशी आहे ही?"

नंतर ऑफिसात येऊन कामाचा तक्ता पाहिला. चारा, पाणी: मावशी. बावीस जानेवारीपासून ते नाव बदलायचं राहिलं होतं. बागेचा माळी कधीमधी छाटलेला पाला आणि थोडं पाणी द्यायचा, असं तो म्हणतो. मिठाचा खडा चाटून चाटून बोराएवढा झाला होता. तो पाण्याच्या भांड्याशेजारी पडलेला दिसला. भांडं कोरडं होतं.

मी टेम्पोतून खाली उडी मारली तेव्हा ती अजून माझ्या हाताकडे बघत होती. त्यांनी फळकूट लावलं, साखळी अडकवली, गाडी सुरू झाली. मी रजिस्टरमध्ये 'निर्गत: शेळी एक' लिहिलं. या वेळी गाडी गेल्यावर लिहिलं.

घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. पाल्याची जुडी हातातच होती. द्यायची राहून गेली.